पेढ्यामागची म्हैस

धारवाड म्हटलं की मराठी वाचकाला साधनकेरीचे बेंद्रे आठवतात, जी. ए. कुलकर्णी आठवतात, शेजारच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व आठवतात आणि मग लाइन बाजारातला पेढा. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे हे नातं नुसतं पर्यटकाचं नाही. पेढ्याचा विषय निघाला की उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून इथे येऊन स्थिरावलेल्या ठाकूर कुटुंबाचं नाव निघतं, ते योग्यच आहे. पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचंही कौतुक झालं. पण पेढा ज्या दुधाचा, ते दूध देणारी म्हैस आणि ती सांभाळणारं गवळ्याचं घर यांच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. सेंद्रिय दूध, देशी जात, घरचा गोठा हे शब्द आज महागड्या बाटल्यांवर छापून येतात. हुबळी-धारवाडच्या गवळी गल्ल्यांमध्ये आणि कलघटगीच्या रानाकडेच्या वाड्यांमध्ये यातलं बरंच काही कुणी न छापता चालू आहे. ते नेमकं काय आहे आणि त्यातलं कशाचं मोल करायला हवं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी म्हशीबद्दल. काळी, मध्यम बांध्याची, अर्धवर्तुळाकार वळून खांद्यापर्यंत आलेली शिंगं. इथल्या लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची, पण सरकारी कागदावर कित्येक वर्षं ती ‘गावठी’ होती. गावठी म्हणजे जिला नाव नाही, आणि जिला नाव नाही तिच्या पैदाशीची योजना नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची मापं, दूध आणि आनुवंशिक ओळख यांचा अभ्यास केला. त्यानंतर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘धारवाडी’ या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. नोंदणी झालेली ही देशातली १८वी म्हैस. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी यांच्या पंक्तीत ती बसली.

दुधाच्या आकड्यात ती मुऱ्ह्याशी बरोबरी करू शकत नाही. एका वेताला हजार लिटरच्या आसपास दूध ही तिची सर्वसाधारण चाल, आणि फॅट सातच्या जवळपास. मुऱ्हा याच्या दीडपट-दुप्पट दूध देते. मग धारवाडी का ठेवायची? कारण मुऱ्ह्याचं दूध गव्हाणीतून येतं. भरपूर हिरवा चारा, भरपूर पेंड, थंड गोठा हे सगळं दिलं तर ती देते. धारवाडी म्हैस ज्वारीच्या कडब्यावर, भुईमुगाच्या पाल्यावर, बांधावरच्या गवतावर निभावते आणि उत्तर कर्नाटकातला उन्हाळा सोसते. सेंद्रिय पद्धतीत विकतचं खाद्य कमी आणि औषध कमी हाच मुख्य नियम. तिथे कमी मागणारं, कमी आजारी पडणारं जनावर हेच अर्धं भांडवल.

आणि खवा. म्हशीच्या दुधाचा खवा वीस-बावीस टक्क्यांच्या आसपास उतरतो, गाईच्या दुधाचा सतरा-अठराच्या. धारवाडी पेढ्यात हा खवा साखरेबरोबर कढईत इतका परततात की तो तपकिरी होतो. दुधातली प्रथिनं आणि साखर उष्णतेने एकमेकांशी जोडली जातात, त्यातून तो रंग आणि तो खमंगपणा येतो. स्निग्धांश कमी असेल तर खवा कोरडा पडतो.

आता गवळ्याकडे वळू. हुबळी आणि धारवाड दोन्हीकडे गवळी गल्ली आहे. इथला गवळी बाजारात कन्नड बोलतो आणि घरात मराठी. म्हशीशीही बहुधा मराठीच. पश्चिमेला कलघटगी, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात राहणारे धनगर गवळी सह्याद्रीच्या कण्याकण्याने सातारा-कोल्हापूरकडून खाली सरकलेले. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८२ साली गवळी धनगरांवर शोधनिबंध लिहिला. त्यात या जीवनाची घडण नीट मांडली आहे: डोंगरमाथ्यावर गवळ्यांच्या म्हशी, खालच्या खोऱ्यात कुणब्यांची शेती, लोणी-तूप खाली जायचं आणि धान्य वर यायचं. ताजं दूध विकायला बाजार जवळ नव्हता म्हणून लोणी. शहरं वाढली, रस्ते आले, तेव्हा लोण्याच्या जागी दुधाचा रतीब आला. म्हणजे दुग्धव्यवसायात हे घर काल-परवा उतरलेलं नाही. चारा कुठे, कधी आणि किती, याचा हिशेब त्यांच्याकडे लिखापढीशिवाय पिढ्यांचा आहे.

या घराचं खरं कौशल्य धार काढताना दिसतं. पहाटे गोठ्यात रेडकू सोडलं जातं. ते ढुशा देत एकेक सड चोखतं, कास टणक होते, सडं भरतात, आणि मग त्याला बाजूला घेऊन आईच्या तोंडाजवळ बांधलं जातं. म्हैस त्याला चाटत राहते, समोर आंबोण असतं, आणि बाई किंवा बुवा, जे कुणी रोजचं असेल ते, कास धुऊन चरवी गुडघ्यात धरून बसतात. पहिल्या दोन-चार धारा बाजूला सोडतात. हे सगळं सवयीचं वाटतं, पण यामागे शरीराचा काटेकोर नियम आहे.

गाईच्या कासेत सडांच्या वर एक पोकळी असते आणि दोन धारांच्या मधल्या वेळात साठलेल्या दुधापैकी साधारण पाचवा हिस्सा तिथे उतरलेला असतो. म्हशीत हा हिस्सा पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीचं सगळं दूध वर, बारीक बारीक कोशांमध्ये अडकलेलं असतं. ते खाली यायचं तर मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात यावं लागतं, त्याने कोशांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध खाली ढकललं जातं. आपण याला पान्हा म्हणतो. पान्हा काही मिनिटंच टिकतो. म्हैस घाबरली, हात अनोळखी निघाला, कुत्रं भुंकलं, कुणी काठी उगारली, तर अॅड्रिनलिन सुटतं, कासेकडचा रक्तपुरवठा आखडतो आणि पान्हा अडतो. म्हणून गाईपेक्षा म्हैस माणसावर जास्त अवलंबून असते. रोजचा हात, रोजची वेळ, रोजची हाक यांना शब्दशः लिटरमध्ये किंमत आहे.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळतं दूध देतात, ते जमतं कारण पंढरपुरी म्हैस चटकन पान्हा सोडते आणि गवळ्याची तिच्याशी तितकी सलगी असते. जिथे ही सलगी नाही, नोकर बदलत राहतात आणि रेडकू जगवण्याची कुणाला फिकीर नाही, तिथे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन येतं. रोज सुई टोचून काढलेला पान्हा ही जनावराची पिळवणूक आहे, आणि सेंद्रिय पद्धतीत त्याला जागा नाही. घरच्या गोठ्यात रेडकाला पोटभर दूध मिळतं की नाही, एवढं पाहिलं तरी त्या गोठ्याची अर्धी परीक्षा होते.

उरलेली अर्धी गव्हाणीत. दुधाविषयी ग्राहकाच्या मनातली भीती भेसळीची असते: युरिया, साबण, पावडर. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेऊन मोठी पाहणी केली. आरोग्याला अपायकारक अशी भेसळ निघाली ती १२ नमुन्यांत. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते ७७ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होतं ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के. आपण ज्याला घाबरतो ते बारा, आणि ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नाही ते तीनशे अडुसष्ट. माझ्या मते दुधाबद्दल या देशात झालेली ही सगळ्यात महत्त्वाची पाहणी आहे, आणि तिच्यातला हा आकडा सर्वांत कमी चर्चिला गेला.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष. भुईमूग, मका, सरकी यांत ओल राहिली की अॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी धरते आणि विष तयार करते. जनावराने ती पेंड खाल्ली की यकृतात त्याचं रूप बदलतं आणि एम-१ या रूपात ते एक-दोन दिवसांच्या आत दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. पाश्चरीकरणानेही जात नाही. जातं कसं, तर पेंड बदलली की तीन-चार दिवसांत. भारतातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपातली तिच्या एक दशांश. म्हणजे हा प्रश्न ना पिशवीत सुटतो ना डेअरीच्या यंत्रात. तो सुटतो शेंगा वाळवायच्या अंगणात आणि पेंडीची पोती ठेवायच्या कोपऱ्यात. पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली की खालचं पोतं ओल धरतं. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवली की हवा खेळते. पेंडीचा तुकडा मोडला की कुबट वास येतो का, आत हिरवट झाक आहे का, हे गवळ्याची म्हातारी हुंगून सांगते. अर्थात बुरशी दिसते, विष दिसत नाही. त्यामुळे हुंगणं ही पहिली चाळणी, प्रयोगशाळेतली तपासणी ही दुसरी. दोन्ही लागतात.

इथे सेंद्रिय म्हणवणाऱ्या गोठ्यापुढे मोठी अडचण येते. उत्तर कर्नाटकात म्हशीला सरकी पेंड घालणं हे इतकं रूढ आहे की त्यावाचून गवळ्याला चैन पडत नाही. सरकीने दूध दाट होतं हा पक्का समज. पण २००२ नंतर देशातला कापूस जवळजवळ सगळा बीटी झाला, आणि राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत जनुकबदल केलेलं खाद्य चालत नाही. म्हणजे बाजारातली सरकी पेंड घातली की नियमाप्रमाणे दूध सेंद्रिय राहत नाही, गोठा कितीही प्रेमाचा असो. पर्याय आहेत आणि ते इथल्याच काळ्या मातीतले आहेत: करडईची पेंड, जवसाची पेंड, नीट वाळवलेल्या शेंगांची पेंड, तुरीची चुणी, हरभऱ्याचा भुस्सा. कुटुंबाचं स्वतःचं चार-सहा एकर शेत असेल, घाण्यावर तेल काढून पेंड घरी येत असेल, तर हे जमतं. नुसता गोठा आहे आणि चारा-पेंड सगळं विकतचं, तर जवळपास अशक्य. म्हणून सेंद्रिय दुधाचं एकक म्हैस हे नाही. म्हैस आणि शेत मिळून ते होतं. शेण शेतात, कडबा गोठ्यात. रासायनिक खत-फवारणी बंद केल्यावर वार्षिक पिकांच्या जमिनीला सेंद्रिय ठरायला दोन वर्षं द्यावी लागतात, फळझाडांसारख्या बहुवर्षायू पिकांना तीन. तो काळ उत्पन्न कमी आणि भाव नेहमीचाच असा जातो. कुटुंबाची खरी कसोटी त्या वर्षांत लागते.

कडब्याचंही सोपं राहिलेलं नाही. रब्बी ज्वारी हा या भागातल्या जनावरांचा आधार होता, कारण तिच्या ताटात माणसाची भाकरी आणि म्हशीची वैरण दोन्ही असते आणि तिच्यावर फवारणी जवळपास लागत नाही. ज्वारी हटून मका, सोयाबीन, कापूस वाढला तसा कडबा महागला. भाकरी कमी खाल्ली की दूध महागतं, हा संबंध शहरात बसून लक्षात येत नाही.

औषधांबद्दल थोडं. सेंद्रिय म्हणजे आजारी जनावराला औषधच द्यायचं नाही, असा एक गैरसमज आहे. तो क्रूर आहे आणि चुकीचाही. नियम असा की आधी प्रतिबंध, मग साधे उपचार, आणि जीव किंवा वेदना यांचा प्रश्न असेल तर प्रतिजैविक जरूर द्यायचं. पण त्यानंतर दूध बाजूला ठेवण्याचा काळ नेहमीच्या दुप्पट. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मार्गदर्शनातही हीच अट आहे. कासदाह हा म्हशीचा नेहमीचा शत्रू. त्यावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गेली काही वर्षं एका लेपाचा प्रसार करत आहे: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटून, थोडा थोडा पातळ करून दिवसातून अनेकदा कासेला लावायचा. गवळ्याच्या आजीला यात नवं काही वाटणार नाही. नवं हे की मंडळाच्या पशुवैद्यांनी तो तपासून, प्रमाण ठरवून, दूध संघांमार्फत गावोगाव नेला.

पौष्टिकतेबद्दल जपून बोलायला हवं. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये दुधावरच्या १९६ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा आला. त्यात सेंद्रिय दुधात ओमेगा-३ स्निग्धाम्लं ५६ टक्क्यांनी जास्त आढळली. आयोडीन मात्र कमी. फरकाचं मुख्य कारण हिरव्या कुरणावर चरणं. तो अभ्यास प्रामुख्याने युरोपी गाईंचा. वर्षातले आठ महिने कडबा खाणाऱ्या धारवाडी म्हशीला तो आकडा जसाच्या तसा चिकटवणं बरोबर नाही. शिवाय सेंद्रिय दुधात जंतू नसतात असंही नाही. ब्रुसेला आणि क्षय यांना प्रमाणपत्र वाचता येत नाही. घरी आणलेलं दूध उकळायचंच.

या गवळी कुटुंबांवर आज सगळ्यात मोठा ताण जागेचा आहे. म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी गाईच्या मानाने फार कमी, त्यात रंग काळा, त्यामुळे तिला डुंबायला पाणी लागतं. तो तिचा लाड समजू नये. पाणी मिळालं नाही तर ती खाणं सोडते आणि दूध आटवते. धारवाड हे तळ्यांचं गाव. केलगेरी, साधनकेरी, हुबळीच्या बाजूला उणकल. ‘केरी’ म्हणजे तळंच. तळ्यांभोवती बागा आणि फेरीवाटा झाल्या, काही ठिकाणी सांडपाणी उतरलं, गायरानांवर वसाहती आल्या. १९६२ मध्ये दोन शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, आणि त्या दोन शहरांच्या मधलं मोकळं रान वर्षागणिक आटत गेलं. गल्लीतला गोठा शेजाऱ्यांना नकोसा होतो, शेण गटारात जातं म्हणून तक्रारी होतात. त्या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यावर उपाय गोठे हाकलणं हा नाही. शेण उचलून खत किंवा बायोगॅस करण्याची सोय, शहराच्या कडेला गोठ्यांसाठी राखीव जागा आणि एखादं तळं जनावरांसाठी सोडणं, हे महापालिकेच्या आवाक्यातलं आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेतीची स्वतंत्र संस्था आहे, आणि राज्याने सेंद्रिय शेतीचं धोरण देशात सर्वांत आधी, २००४ मध्ये केलं. जिथे धोरण, विद्यापीठ, जात आणि जाणकार समाज हे चारही एकाच गावात आहेत, तिथे हे जमलं नाही तर कुठे जमणार?

प्रमाणपत्राचा खर्च लहान घराला पेलत नाही, हेही खरं. त्यासाठी सहभागी हमी पद्धत आहे: पाच किंवा जास्त शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची आणि गोठ्याची तपासणी करतो आणि हमी देतो. गवळी वाड्यांना ही रीत मुळीच परकी नाही. कुणाची म्हैस काय खाते हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतंच. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला कायद्यातही सूट दिलेली आहे. अशा वेळी कागदाची जागा ग्राहकाच्या डोळ्यांनी घ्यायची असते.

तेव्हा तुम्ही हुबळी-धारवाडात राहत असाल, किंवा बेळगाव, कोल्हापूर, सांगलीत, आणि घरच्या गोठ्यातलं दूध घेत असाल किंवा घ्यायचं मनात असेल, तर एकदा गोठ्यावर जा. दूध शुद्ध आहे का, हा प्रश्न विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं. पेंड कुठली आणि ती कुठे ठेवता, हे विचारा. सरकी घालता का, विचारा. मागच्या वेळी म्हैस आजारी पडली तेव्हा दूध किती दिवस बाजूला ठेवलं, विचारा. रेडकू कुठे आहे ते पाहा. मोकळेपणाने उत्तरं मिळाली तर भावात घासाघीस करू नका.

आणि एक विनंती उन्हाळ्याची. उन्हाच्या दिवसांत म्हशीचा माज मुका असतो, तो ओळखू येत नाही. ती फळते बहुधा थंडीत, आणि दहा महिन्यांहून थोड्या जास्त काळाने पावसाळा ते हिवाळा या दिवसांत विते. त्यामुळे मार्च ते जूनमध्ये बऱ्याच म्हशी आटलेल्या असतात आणि रतीब घटतो. मोठी डेअरी पावडर मिसळून ही तूट भरून काढते. प्रामाणिक गवळ्याकडे पावडर नसते. दोन लिटरच्या जागी लिटरभरच आलं, तर ती त्याची कुचराई नाही, म्हशीचं ऋतुमान आहे. ते चार महिने रतीब तोडू नका. याच महिन्यांत गिऱ्हाईक तुटलं की गवळी भाकड म्हैस बाजारात काढतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्या जागी दुसरी धारवाडी येत नाही.